तीन जिवांचा पट्टा

सोमवार, ४ जानेवारी १८३६

शेवटी लेफर्टने कचेरीच्या किल्ल्या माझ्या पुढ्यात टाकल्याच!

"ग्रीत, बाबांचे कागद तूच लाव बाई. आजोबांचं ते डच गिचमिड तुझ्याशिवाय कुणाला वाचता येतंय?"

आधी लोणी लावायचं, मग काम गळ्यात मारायचं — माझा हा धाकटा भाऊ पाळण्यात होता तेव्हापासून असाच. बाबा गेले तेव्हा सगळी जहागीर त्याच्याकडे आली. माझ्याकडे आला खोकला. लग्न केलं नाही म्हणून मी कायमची रिकामी, असा या घरात समज आहे. जरा आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. मनातून मात्र उड्या मारत होते.

कागद पण किती! चार पिढ्यांनी एक चिठोरं म्हणून फेकलेलं नाही. पेटारे, खोकी, शिवाय एक पिंप. त्यात पूर्वी खारवलेले मासे असायचे. पणजोबांच्या जमिनीची सनद, राजाच्या लाखेच्या मोहरेसकट, अजून माशांच्या वासाची आहे.

बुधवार, ६ जानेवारी

आजीचं पत्र सापडलं, न्यूयॉर्कच्या टोपीवाल्याला लिहिलेलं. "आपण पाठवलेली वस्तू पोहोचली. ही टोपी नसून कोंबड्यांचं खुराडं आहे. परत पाठवते. आत अंडं सापडल्यास ते आपलं." इतकी हसले की ढास लागली. आजीला मी पाहिलं ते फक्त तसबिरीत, ओठ घट्ट मिटलेले. आता त्या ओठांआड काय होतं ते कळलं. फार लाडकी झाली एकदम.

त्याच गठ्ठ्यात कुळांचे पट्टे. दर वर्षीचा खंड म्हणून ठरावीक गहू, चार पुष्ट कोंबड्या आणि गाडी-घोड्यासकट एक दिवसाचं काम. प्रत्येक पट्ट्यात चार कोंबड्या! आमचं खानदान म्हणजे नदीकाठचं सर्वांत मोठं खानदान, आणि उभं कशावर तर दुसऱ्यांच्या कोंबड्यांवर.

शनिवार, ९ जानेवारी

योस्ट बेस्लर येऊन गेला. आमचं कूळ, वरच्या ओढ्याकाठचं. दर नववर्षाला मला बघायला येतो. यंदा रस्ता बर्फाने बंद होता म्हणून उशीर.

"बाईसाहेब, जरा उजेडाकडे तोंड करा बघू."

"मी काय घोडी आहे का रे?"

"घोडी असतात तर दात बघितले असते." मग कपाळाला आठ्या घालून, "खोकला वाढलाय. या कचेरीत चूल पेटत नाही वाटतं? थांबा, मालकांना चांगलं सांगतो!"

आणि खरंच लेफर्टला जाऊन सुनावलं. मालकाला असं बोलायची हिंमत दुसऱ्या कुठल्या कुळाची नाही. योस्टची आहे, कारण मी त्याचा जीव आहे. शब्दशः!

इथे जमीन मिळते ती तीन जिवांवर. पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची. त्यांतला शेवटचा माणूस श्वास घेतोय तोवर जमीन कुळाची. तो गेला की घर, गोठा, झाडं, सगळ्यासकट मालकाची. म्हणून नावं घालताना लोक धट्टीकट्टी पोरं शोधतात. योस्टच्या बापाने पट्टा केला तेव्हा मी वर्षाची होते. एक नाव त्याने स्वतःचं घातलं, दुसरं थोरल्या मुलाचं. तिसऱ्यासाठी योस्ट होता, पण तो तेव्हा काटकुळा, बारा महिने आजारी. बापाला काही भरवसा वाटेना. तो बाबांना म्हणाला, "मालक, तुमच्या घरात दूध आहे, लोकर आहे, डॉक्टर आहे. तुमची पोर टिकेल. तिचं नाव घालतो." बाबा पोट धरून हसले म्हणे, आणि सही केली.

बाप म्हातारा होऊन गेला. थोरला नदीवरच्या पातळ बर्फातून आत गेला. काटकुळा योस्ट साठीत बैलासारखा हिंडतोय. आणि बेस्लरांचं सगळं ज्या एका नावावर उभं आहे ते माझं!

लहानपणी मी सफरचंदाच्या झाडावर चढले की योस्ट कुठूनसा धावत यायचा. "उतरा खाली! आमचं घर पडेल!" मला वाटायचं, घर खरंच पडतं.

सोमवार, ११ जानेवारी

कागदाच्या पुडीत बाबांची दाढ सापडली. वर तारीख, काढणाऱ्याचं नाव आणि शेरा : "अति महाग". काय करावं या माणसाचं! पुडी परत बांधली. "किरकोळ खर्च" या गठ्ठ्यात ठेवली.

बुधवार, १३ जानेवारी

आज हसू आलं नाही. आजोबांच्या खरेदीचा एक कागद : तांब्याचं घंगाळ एक, फिलिस नावाची बाई एक, लोण्याची रवी एक. माणसाचं नाव घंगाळ आणि रवीच्या मधे! फिलिसने बाबांना वाढवलं, मलाही वाढवलं. तिच्या मांडीची ऊब मला आईच्या मांडीहून जास्त आठवते. कायद्याने सगळे गुलाम सुटले त्याच्या पुष्कळ आधीच ती गेली. तशीच, आमच्या मालकीची.

लेफर्ट म्हणाला, "जाळून टाक. असले कागद कशाला ठेवायचे?"

जाळणार नाही. लाज आपली आहे, तर ती सांभाळायलाही आपणच हवी. सगळ्यांत वर ठेवलाय, उघडणाऱ्याला आधी तोच दिसेल.

शनिवार, १६ जानेवारी

रुमालावर रक्त. डॉक्टर आले. छातीला कान लावला, पाठीवर टिचक्या मारल्या, मग खिडकीबाहेर बघत हवापाण्याच्या गोष्टी करायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, मी काही लहान नाही. सांगून टाका."

"सफरचंदाचा मोहोर बघाल," म्हणाले. "सफरचंदं बघाल असं मला म्हणवत नाही."

भला माणूस. निदान घोळवलं तरी नाही.

रविवार, १७ जानेवारी

चर्चला गेले नाही. अंथरुणात बसून विचार केला, आणि विचार करकरून शेवटी देवाचा नाही, योस्टचाच केला.

मी डोळे मिटले की त्या क्षणी बेस्लरांची जमीन लेफर्टची. योस्टने बांधलेला गोठा लेफर्टचा. लिस्बेटने — योस्टच्या बायकोने — चोवीस तास जिच्याशी भांडत संसार केला ती चूलसुद्धा लेफर्टची. वर त्या ओढ्याला धबधबा आहे, आणि ऑल्बनीचा कुणी माणूस दोन वर्षं लेफर्टच्या मागे लागलाय : तिथे कापडगिरणी घालू या. जागा मोकळी झाली की.

जागा मोकळी होईल ती कशाने, हे त्या माणसाला माहीत नसावं.

बाकी सगळ्या कुळांचे पट्टे बाबांनी, लेफर्टने वेळोवेळी नवे केले. एक जीव गेला की दुसरा घालायचा, मालकाला काही द्यायचं, झालं. फक्त बेस्लरांचा तसाच राहिला. का? तर लेफर्टने विषय काढायचा म्हणजे "ग्रीत मरेल तेव्हा" असं म्हणावं लागतं. योस्टने काढायचा म्हणजे तेच. दोघं इतके सभ्य की वर्षानुवर्षं कुणी तोंडच उघडलं नाही! या दोघांच्या सभ्यपणापायी नऊ माणसं रस्त्यावर यायची.

म्हणजे आता निर्लज्जपणा मीच करायला हवा.

बुधवार, २० जानेवारी

केला. जेवणानंतर लेफर्टसमोर बेस्लरांचा पट्टा ठेवला.

"हा नवा कर. नवी नावं घाल. या आठवड्यात."

"कसली घाई आहे?"

"तुला माहीत आहे कसली."

"तू काही मरत नाहीस."

"डॉक्टरला विचार."

"तो गाढव आहे! माझा अंगठा सुजला तर म्हणाला, बूट घट्ट आहे."

"बूट घट्टच होता, लेफर्ट."

तो उठला, शेगडीतली लाकडं उगाच ढोसत बसला. मग पाठमोराच म्हणाला, "मी या कागदावर सही करायची, म्हणजे तू जाणार हे लिहून द्यायचं. मला नाही जमणार ते. दुसरं काहीही माग."

माझं काळीज हललं. पण मी आमच्या आजीची नात. विचारलं, "आणि गिरणी?"

कानापर्यंत लाल झाला. "तो विषय वेगळा."

वेगळा नाही, आणि ते त्यालाही कळतं. बिचाऱ्याचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्यावर त्याचा जीव आहे हे शंभर टक्के खरं. गिरणीवर डोळा आहे हेही खरं. एका माणसात दोन्ही राहतं. लेफर्टला मात्र त्याची इतकी शरम वाटते की तो दोन्हीकडे पाठ करून लाकडं ढोसतो.

गुरुवार, २१ जानेवारी

लेफर्ट जेवायला आला नाही. मटाराचं सूप झकास झालं होतं. अर्धं टाकलं.

सोमवार, २५ जानेवारी

लिस्बेट बदकाची चरबी आणि भाजलेले कांदे घेऊन हजर. मागे योस्ट, मध घेऊन. लिस्बेटने त्याला दाराबाहेर काढलं, माझी छाती उघडी केली आणि चरबी अशी चोळली की बरगड्या मोजून घेतल्या.

"लिस्बेट, हळू! मी अजून जिवंत आहे."

"म्हणून तर चोळतेय. काय हे, अंगावर मांस म्हणून नाही! इथले आचारी करतात काय, नुसत्या ताटल्या पुसतात?"

योस्टला आत घेतल्यावर मी दोघांना सांगून टाकलं. मोहोर बघेन, सफरचंदं नाही. लिस्बेटने चरबीचं भांडं खाली ठेवलं. योस्ट उभाच. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे! इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "योस्ट, खरं सांग. मी गेल्याचं दुःख तुला होईल की जमीन गेल्याचं?"

लिस्बेट म्हणाली, "असलं काय विचारता, बाईसाहेब!"

"दोन्हीचं," योस्ट म्हणाला. "खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं तुमचा खोकला ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. त्यातला किती तुमचा आणि किती घराचा, ते मला नाही वेगळं काढता येत."

असं खरं बोलणारा माणूस मिळायला भाग्य लागतं. तरी ते गेल्यावर रडले. मला उगाच वाटलं होतं, तो म्हणेल — जाऊ दे.

शुक्रवार, २९ जानेवारी

लेफर्टकडे दोनदा विषय काढला. पहिल्यांदा त्याला अचानक घोडा बघायचा होता. दुसऱ्यांदा तोच घोडा परत बघायचा होता.

ठरलं. सरळ बोटाने तूप निघत नाही.

सोमवार, १ फेब्रुवारी

लेफर्ट गावात गेला तशी बर्फगाडी जुंपायला लावली. पायाशी गरम विटा, अंगावर अस्वलाचं कातडं, मांडीवर बेस्लरांचा पट्टा. लेफर्टसाठी कचेरीच्या टेबलावर चार ओळी ठेवल्या : "मी ज्यांचा जीव आहे त्यांच्याकडे जाते. पट्टा नवा झाला की परत येईन. — ग्रीत." आजी असती तर पाठ थोपटली असती.

योस्ट अंगणात लाकडं फोडत होता. मला बघितलं आणि कुऱ्हाड बर्फात टाकली. "अहो, या थंडीत? मरायचंय का तुम्हाला?"

"हो, पण इथे. तुझ्या घरात."

"लिस्बेट!" तो ओरडला. "बाहेर ये! बाईसाहेबांना वेड लागलंय!"

बुधवार, ३ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात चुलीशेजारी माझं अंथरूण. आयुष्यात इतकी ऊब मिळाली नव्हती! सकाळी मक्याचा घाटा आणि दूध. मग धिरडी. मग लिस्बेट विचारते, "भूक आहे का?"

योस्टची तीन नातवंडं. कॅट्रिन आठ वर्षांची, विणताना टाका चुकला की मलाच रागावते. पीटर पाचाचा, दिवसभर घोडा होऊन फिरतो. आणि पाळण्यातला याकोब, असा गुबगुबीत की त्याला मनगटंच नाहीत. मी योस्टला म्हटलं, "बघ, तीन नावं हवीत आणि तीन नातवंडं आहेत. देवानेच जुळवून ठेवलंय. हा याकोब तर नव्वद वर्षं जगेल."

"जगेल," योस्ट म्हणाला. हसला नाही.

दुपारी खिडकीतून ओढा बघितला. धबधबा गोठलाय. योस्टने दाखवलं, कुठलं झाड कुठल्या साली लावलं. त्याने सांगितलं त्यात कागद एकही नव्हता. इतके दिवस मी या जमिनीचा गठ्ठा लावतेय, आणि ही झाडं मला आज भेटली.

आज पुन्हा रक्त आलं. लिस्बेटने रुमाल माझ्या हातातून घेतला आणि धुऊन आणला.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

लेफर्ट आला! स्वतः गाडी हाकत. दारातून वाकून आत आला, तोंड रागाने फुललेलं.

"हा काय तमाशा आहे, ग्रीत? सगळं गाव हसतंय."

"हसू दे. दार लाव आधी, वारा येतोय."

लिस्बेटने त्याच्यापुढे पिठाच्या तळलेल्या गोड गोळ्यांची ताटली ठेवली. लहानपणी तो याच घरी पळून यायचा, याच गोळ्यांसाठी. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा हातातच राहिला आणि माझा लेफर्ट, हजारो एकरांचा धनी, साखर लागलेल्या ओठांनी लहान पोरासारखा रडायला लागला. योस्टने नातवंडांना गोठ्यात पिटाळलं.

"मला वाटलं," लेफर्ट म्हणाला, "सही केली नाही तर तुला जाताच येणार नाही."

"वेड्या!" मी त्याचे केस विस्कटले. विरळ झालेत.

मग त्याने नाक पुसलं, ताठ बसला. "गिरणी गेली खड्ड्यात. योस्ट, येत्या शनिवारी कचेरीत ये. नवा पट्टा करू. तीन नावं ठरवून आण. आणि नीट ठरव हं, या पट्ट्यात मागाहून नाव बदलून मिळणार नाही."

योस्टने लेफर्टचा हात धरला आणि सोडायचं विसरला.

माझं काम झालं. संध्याकाळच्या आत घरी आले. लेफर्टने गाडी इतकी हळू हाकली की घोड्यांना झोप लागायची वेळ आली.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

अंथरुणातच. कागद वर मागवून घेते, गुडघ्यांवर लावते. आजोबांच्या मृत्युपत्रात आजीला "उत्तम पलंग, उशा वगळून". दोघांचं त्या दिवशी काय भांडण झालं होतं? आजी लवकरच भेटेल, तेव्हा पहिलं हेच विचारणार.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

बेस्लरांकडून आठवडाभर कुणी आलं नाही.

यायचं तरी कशाला? शनिवारी त्यांना तीन नवे जीव मिळतील. माझा खोकला आता माझ्यापुरता. हेच तर मला हवं होतं, हेच मी भांडून घेतलं. मग आज सारखी दाराकडे का बघतेय? चाळीस वर्षं कुणी माझ्या खोकल्यावर कान ठेवून होतं, त्याची सवय झाली दुसरं काय. वाईट वाटतंय. चांगलंच वाटतंय वाईट.

शनिवार, १३ फेब्रुवारी

लेफर्ट आत्ता कचेरीतून वर आला, चिडलेला. पट्टा झाला. कॅट्रिन, पीटर आणि — मी!

"मी त्याला सांगितलं," लेफर्ट म्हणाला, "अरे अडाण्या, पाळण्यातलं पोर घाल. ग्रीत उन्हाळा बघणार नाही, नाव वाया जाईल!" मग काय बोलून गेला ते कळून ओशाळला, माझा हात धरून बसला.

योस्ट म्हणाला म्हणे, "जाऊ दे वाया, मालक. ती जागा बाईसाहेबांची आहे."